खाली कुणीच नसतं तेव्हा

रोजच्या प्रोग्रामला मेमरी लागली की तो मागतो. मॅलॉक म्हटलं की पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, हातात येतो, काम झालं की परत द्यायला फ्री म्हणायचं. मागायला खाली कुणीतरी आहे हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याचा विचारही मनात येत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला गाभा, लिहायला बसलं की ही सोय जाते. यंत्र सुरू करून देणाऱ्या बूटलोडरने कारभार हाती दिला की समोर असतो तो नुसता भौतिक पत्त्यांचा लांबलचक पट्टा. त्यातला कुठला भाग मोकळा आणि कुठला वापरात याची नोंद ठेवायची, तर त्या नोंदीलाही जागा लागते, आणि ती देणारं कुणी नसतं. मेमरी वाटणाऱ्याने स्वतःच्या वहीसाठी मेमरी कुठून आणायची? नवं कर्नल वाचायला घेतलं की मी सगळ्यात आधी या पेचाचं उत्तर शोधतो. लिहिणाऱ्याचा स्वभाव तिथे लगेच कळतो.

माझं सगळ्यात लाडकं उत्तर एक्सव्ही६ मध्ये आहे. एमआयटीत २००६ पासून शिकवण्यासाठी वापरलेलं हे छोटं कर्नल. आधी ते इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर चालायचं, आता रिस्क-फाइव्हवर चालतं. आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टिमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावरच हात बसवला आहे. यातली मेमरी वाटणारी फाइल जेमतेम ऐंशी ओळींची, त्याही कॉमेंट धरून.

त्यात घडतं ते असं. मेमरीचे ४,०९६ बाइटचे तुकडे केलेले असतात, म्हणजे पेज. मोकळ्या पेजची एक यादी असते, आणि ती यादी ठेवलेली असते मोकळ्या पेजच्याच आत. पेज मोकळं आहे म्हणजे त्यात कुणाचंच काही नाही. मग त्याच्या पहिल्या आठ बाइटमध्ये पुढच्या मोकळ्या पेजचा पत्ता लिहून ठेवायला कुणाची हरकत असणार? कर्नलने स्वतःकडे फक्त पहिल्या पेजचा पत्ता सांभाळायचा. एक्सव्ही६ १२८ एमबी मेमरी धरून चालतं, म्हणजे सुमारे ३२ हजार पेज. एवढ्या सगळ्यांची वही एका पॉइंटरात आणि एका लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच यादीला हात लावू देणाऱ्या कुलपात, मावते. पेज हवं असेल तर यादीच्या डोक्यावरचं काढून द्यायचं, परत आलं की डोक्यावर ठेवायचं. लिनक्समध्ये लहान वस्तूंसाठी मेमरी वाटणारा आजचा एसएलयूबी अलोकेटरही मोकळ्या वस्तूंची साखळी त्या वस्तूंच्या आतच ठेवतो, म्हणजे ही युक्ती फक्त वर्गातली नाही.

त्याच फाइलमधल्या दोन ओळी मला फार आवडतात. पेज परत आलं की कर्नल ते पूर्ण १ या बाइटने भरतं. पेज दिलं की पूर्ण ५ ने भरून देतं. मेमरीच्या कारभाराला याची काहीच गरज नाही, उलट दर वेळी चार हजार बाइट लिहायचा वेळ जातो. पण कुणी मोकळं केलेलं पेज चुकून वाचलं, तर त्याला जुना, खरा वाटणारा डेटा मिळत नाही, ०१०१०१०१ मिळतं. आधी न भरता वापरलं तर ०५०५०५०५ मिळतं. पॅनिक होऊन, म्हणजे कर्नलने हात टेकून, स्क्रीनवर प्रोसेसरची रजिस्टरं ओतली गेली आणि पत्त्याच्या जागी ओळीने पाचच पाच दिसले, की कुठल्या जातीची चूक आहे ते डीबगर उघडायच्या आधीच कळतं. शिकाऊ मुलगी असो की मुरलेला इंजिनियर, दोघांना ते सारखंच दिसतं. त्याच फंक्शनच्या सुरुवातीला आणखी एक तपासणी आहे: परत आलेला पत्ता पेजच्या हद्दीवर आहे का, आणि आपल्या ताब्यातल्या मेमरीतला आहे का. नसेल तर सरळ पॅनिक. सावरून घ्यायचा प्रयत्न नाही.

याची किंमत काय? चाळीस बाइट हवे असले तरी ४,०९६ घ्यावे लागतात. एक्सव्ही६ मधल्या पाइपचा, म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या नळीचा, बफर ५१२ बाइटचा आहे आणि त्याच्यासाठी अख्खं पेज जातं. सलग दोन पेज मागायची सोयच नाही. आणि प्रोसेसरच्या सगळ्या कोरना मिळून लॉक एकच, त्यामुळे पेजसाठी रांग लागते. एमआयटीच्या अभ्यासक्रमात ही रांग मोडायचा एक गृहपाठ आहे: प्रत्येक कोरला स्वतःची यादी द्या, ती रिकामी झाली तर शेजारच्या कोरच्या यादीतून पेज उचला. ओळी फार वाढत नाहीत. पण एका कोरने आपलं लॉक धरून दुसऱ्याचं मागितलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने आपलं धरून पहिल्याचं मागितलं, तर दोघंही कायमचे अडकले. ऐंशी ओळींत जी भानगड अशक्य होती ती आता शक्य झाली. एखादी रचना साधी आहे की नाही हे मी याच ठिकाणी बघतो. ओळी मोजत नाही. वाचताना किती परिस्थिती एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात, ते मोजतो.

एक्सव्ही६ ज्याच्यावरून घेतलं ते १९७५ सालचं सहाव्या आवृत्तीचं युनिक्स याहून कडक होतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्यात कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक गरजा आधीच मोजून ठेवल्या होत्या. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, तक्त्यात ५० जागा, उघड्या फाइलींच्या १००, डिस्कचे बफर १५. लग्नाच्या पंगतीत जेवढी पानं मांडली तेवढेच बसणार, तसं. एक्कावन्नावी प्रोसेस सुरू करायला गेलात तर नकार मिळायचा, आणि कर्नल होतं तसं उभं राहायचं. प्रोसेसना जी मेमरी द्यायची तिच्यासाठी दोन रकाने होते: मोकळा तुकडा कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे. पहिला पुरेसा तुकडा दिसला की त्यातून कापून द्यायचं, परत आला की शेजारच्या मोकळ्या तुकड्यांना जोडून टाकायचं. मुख्य मेमरीसाठी हे माप ६४ बाइटचं होतं आणि डिस्कवरच्या स्वॅपसाठी, म्हणजे मेमरीत न मावणारं ठेवायच्या जागेसाठी, ५१२ चं, पण वाटप करणारं फंक्शन दोन्हींना एकच. ते आत येणाऱ्या आकड्यांना बाइट, ब्लॉक असलं काही समजतच नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स विद्यार्थ्यांना हे सगळं कर्नल ओळ न ओळ वाचायला लावत. अख्खं कर्नल वाचून होईल एवढंच होतं म्हणून ते जमलं.

मी पुण्यात ज्या क्षेत्रात पोट भरतो, गाड्यांमधले कंट्रोलर आणि छोटे बोर्ड, तिथे ही पंगतीची शिस्त अजून पाळली जाते. छोट्या बोर्डांच्या फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत पाच तऱ्हांचे हीप, म्हणजे वाटायच्या मेमरीचे साठे, मिळतात आणि त्यातला पहिला मेमरी फक्त देतो, परत घेत नाही. परत घ्यायचं फंक्शन नावाला आहे, ते कुणी बोलवलं तर चूक धरली जाते. नवीन मुलांना हे अर्धवट काम वाटतं. मी त्यांना विचारतो, तुमच्या यंत्रात टास्क किती आणि रांगा किती, हे सुरू होतानाच ठरलेलं आहे ना? मग परत कोण काय करणार आहे? जेरार्ड होल्झमन यांनी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत असताना २००६ मध्ये सुरक्षित कोडसाठी दहा नियम मांडले, त्यातला तिसरा हाच: सुरुवातीची मांडामांड झाली की नव्याने मेमरी मागायची नाही.

या नियमामागचं दुखणं मी जवळून पाहिलं आहे. एका पुरवठादाराची लायब्ररी प्रत्येक येणाऱ्या संदेशासाठी नेमका त्याच्या लांबीएवढा तुकडा मागायची आणि काम झालं की परत करायची. काटकसर म्हणून ते शोभायचं. संदेश लहानमोठे, आयुष्य कमीजास्त, त्यामुळे हीपमध्ये हळूहळू भोकं पडत गेली. एकूण मोकळी मेमरी भरपूर, पण एका मोठ्या संदेशाला पुरेल असा सलग तुकडा नाही. टेस्ट बेंचवर कधीच न दिसणारं हे दुखणं ग्राहकाच्या कारखान्यात बोर्ड खूप दिवस न थांबता चालल्यावर दिसायचं. उपाय केला तो असा: सगळ्यात मोठ्या संदेशाच्या मापाचे सारखे तुकडे, सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेले. मेमरी आधीपेक्षा जास्त अडकली. पण तुकडे सगळे एकाच मापाचे असले की भोक पडायला जागाच उरत नाही, आणि जास्तीत जास्त किती मेमरी लागेल हे कागदावर मांडता येतं.

एसईएलफोरने तर ही गोष्ट टोकाला नेली. ऑस्ट्रेलियात निक्टा या संस्थेत घडलेलं हे मायक्रोकर्नल, म्हणजे कमीत कमी कामं स्वतःकडे ठेवणारं कर्नल. त्याचं सुमारे ८,७०० ओळींचं सी कोड ठरवलेल्या वर्णनाप्रमाणेच वागतं, याची गणिती सिद्धता २००९ मध्ये मांडली गेली. बूट झाल्यावर हे कर्नल स्वतःहून एक बाइटही कुठून घेत नाही. उरलेली सगळी मेमरी ते वरच्या प्रोग्रामच्या हवाली करतं, आणि नवी वस्तू हवी असेल त्याने त्यासाठीची मेमरी स्वतःच्या वाट्यातून आणून द्यायची. कर्नलच्या आत मेमरी संपली अशी वेळच येत नाही, म्हणून त्या वेळी ते नीट वागतं हे सिद्ध करायचीही गरज नाही. ओझं नाहीसं झालं नाही, वर गेलं. पण कुणाच्या डोक्यावर ठेवलं आहे ते स्पष्ट ठेवलं.

मोठ्या सर्व्हरवरचं कर्नल असं हात झटकून मोकळं होऊ शकत नाही. तिथे कुणी एक पेज मागतो, कुणी सलग हजार. लिनक्समध्ये या थरावर बडी पद्धत आहे. बेल लॅब्समधल्या केनेथ नोल्टन यांनी ती १९६५ मध्ये मांडली, आणि माझ्या मते मेमरीच्या कारभारातली ती सगळ्यात देखणी कल्पना आहे. तुकडे फक्त दोनाच्या घातांचे: १, २, ४, ८ पेज. प्रत्येक तुकड्याला एकच जोडीदार असतो आणि दोघंही मोकळे झाले की ते जुळून दुप्पट आकाराचा तुकडा होतो. आता जोडीदार कोण हे कुठेच लिहिलेलं नाही. समजा १२ नंबरच्या पेजपासून सुरू होणारा चार पेजचा तुकडा परत आला. १२ मधला ४ चा बिट उलटा केला की ८ मिळतात. आठपासूनचा चार पेजचा तुकडा हा त्याचा जोडीदार. तोही मोकळा असेल तर दोघं मिळून आठपासूनचा आठ पेजचा तुकडा. त्याचा जोडीदार हवा असेल तर आता ८ चा बिट उलटा करा, शून्य. एका एक्स-ऑरमध्ये, म्हणजे बिट उलटवायच्या एका क्रियेत, शेजार सापडतो. पाच पेज मागणाऱ्याला आठ द्यावे लागतात हे खरं, आणि खूप वेळ चाललेल्या यंत्रावर मोठे तुकडे मिळेनासे होतात हेही खरं. तरी साठ वर्षं ही रचना टिकली, कारण जे मोजून काढता येतं ते ती लिहून ठेवत नाही. लिहून ठेवलेलं कधी ना कधी खोटं ठरू शकतं.

हेच एका फार महाग प्रसंगातून लिनक्स पुन्हा शिकलं. मेमरी कमी पडली की एखादं पेज रिकामं करावं लागतं, आणि त्याआधी कुठकुठल्या प्रोसेसच्या पेज टेबलमधून, म्हणजे तिचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्यातून, त्याच्याकडे बोट दाखवलेलं आहे ते शोधावं लागतं. एकच पेज शंभर प्रोसेस वापरत असू शकतात. लिनक्सचा हा भाग आधीच वादळी होता. २००१ च्या सप्टेंबरात २.४.१० मध्ये, म्हणजे स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेच्या मधोमध, रिक व्हॅन रील यांची व्यवस्था काढून आंद्रेआ आर्कांजेली यांची जास्त साधी व्यवस्था बसवली गेली. त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि ॲलन कॉक्स यांनी आपल्या शाखेत जुनी व्यवस्था काही काळ ठेवलीच. पुढे २००२ मध्ये रिक यांची उलट्या नोंदीची पद्धत विकासाच्या शाखेत आली: प्रत्येक पेजशी एक साखळी, तिच्यात त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या नोंदींचे पत्ते. समजायला अगदी सरळ, मी शिकवताना पाच मिनिटांत फळ्यावर काढतो. पण शेकडो प्रोसेस एकच मोठा सामायिक तुकडा वापरतात अशा डेटाबेस सर्व्हरवर या साखळ्याच मेमरी खायला लागल्या, आणि तीही ३२ बिट यंत्रांवरची कर्नलच्या हाताशी असलेली जेमतेम ८९६ एमबीतली. फोर्क, म्हणजे प्रोसेसची नक्कल करून नवी सुरू करणं, महागलं, कारण प्रत्येक नोंदीमागे साखळीत एक भर.

२००४ मध्ये साखळ्या गेल्या. त्यांच्या जागी आलेला विचार असा: फाइलमधून आलेल्या पेजला आपली फाइल आणि तिच्यातलं आपलं स्थान माहीत असतंच. ती फाइल कुणी कुणी कुठल्या पत्त्यापासून जोडली आहे याची यादीही कर्नलकडे असतेच. मग एक बेरीज, एक वजाबाकी, की पेजचा त्या प्रोसेसमधला पत्ता हातात. वेगळं काही साठवायचं नाही. पेज काढताना जरा जास्त शोधाशोध होते, पण काढणं क्वचित आणि फोर्क सतत. फाइल नसलेल्या पेजसाठी आर्कांजेली यांनी असाच आधार बांधला. तो मात्र साधा राहिला नाही. हजारो मुलं, म्हणजे नव्या प्रोसेस, जन्माला घालणाऱ्या सर्व्हरवर तो अडखळू लागला, म्हणून २०१० मध्ये त्याला पुन्हा साखळ्या जोडाव्या लागल्या, आणि आज तो भाग वाचताना मलाही दर वेळी कागद पेन्सिल लागते. कामाचा बोजा खरोखर गुंतागुंतीचा असला की त्यातली काही गुंतागुंत कोडमध्ये येणारच. हे मान्य केल्याशिवाय साधेपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पण गुंतागुंत नुसत्या सदिच्छेतून येते तेव्हा मला राहवत नाही. मेमरी पार संपली आणि काहीच मोकळं होईना, की लिनक्स एक प्रोसेस निवडून मारतं. कुणाला मारायचं हे गुण देऊन ठरतं. २०१० पर्यंतचं गुणांकन असं होतं: प्रोसेसने मागून ठेवलेल्या एकूण आभासी मेमरीपासून सुरुवात, त्यात मुलांच्या मेमरीचा अर्धा भाग. त्याला सीपीयूवर घालवलेल्या वेळाच्या वर्गमुळाने भागा. मग सुरू झाल्यापासून गेलेल्या वेळाच्या चौथ्या मुळाने भागा. प्राधान्य कमी केलेलं असेल तर दुप्पट करा. रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याची, असेल तर चौथाई. हार्डवेअरला थेट हात लावायची परवानगी असेल तर पुन्हा चौथाई. शेवटी ॲडमिनने दिलेल्या आकड्याएवढे बिट डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. यातली एकेक पायरी चांगल्या मनाने घातलेली आहे. खूप वेळ चाललेलं काम वाया जाऊ नये, यंत्र सांभाळणारी प्रोसेस मरू नये. पण पहाटे ज्याचा डेटाबेस मेला त्याने हे उलट कसं मांडायचं? आणि पुढच्या वेळी तो वाचावा म्हणून कुठला आकडा घालायचा?

डेव्हिड रिएंट्जेस यांनी लिनक्सच्या २.६.३६ आवृत्तीत ते सगळं पुसून पुन्हा लिहिलं. प्रोसेस प्रत्यक्ष किती रॅम आणि स्वॅप व्यापून बसली आहे, त्याचं एकूण मेमरीशी प्रमाण, हजारात. ॲडमिन त्यात उणे १,००० ते अधिक १,००० यातला आकडा मिळवू शकतो. रूटला थोडी सूट ठेवली होती, तीही २०१८ मध्ये काढली. १६ जीबीच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर ८ जीबी घेतलेल्या प्रोसेसला साधारण ५०० गुण. उणे ५०० दिले की शून्याच्या आसपास. हे कुणीही तोंडी करू शकतं. नवं सूत्र दर वेळी जास्त न्याय्य प्रोसेस निवडतं असा माझा दावा नाही. एखाद्या प्रसंगी जुनं बरं निवडत असेलही. पण नव्याशी बोलता येतं. पगार घेऊन यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला त्याने स्वतःच्या निर्णयाची जागा परत दिली, आणि मला ते कौतुकाचं वाटतं.

आता लिनक्सच्या एसएलओबी या अलोकेटरबद्दल, कारण त्याने मला खूप विचार करायला लावला. बडी पद्धत पेज देते. त्या पेजमधून लहान वस्तू कापून देण्यासाठी वर स्लॅब नावाचा थर असतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक यांनी तो घडवला आणि १९९४ मध्ये मांडला. लिनक्समध्ये एके काळी या थराची तीन रूपं होती. जुना एसएलएबी. मग ख्रिस्टोफ लॅमिटर यांचा २००७ मधला एसएलयूबी. हजार प्रोसेसरच्या यंत्रांवर जुन्याच्या नुसत्या रांगांतच कित्येक जीबी अडकतात म्हणून तो आला होता. आणि छोट्या बोर्डांसाठी मॅट मॅकॉल यांचा एसएलओबी, सगळ्यात लहान, काहीशे ओळींचा. मी स्वतः छोट्या बोर्डांवरचा माणूस, त्यामुळे माझी ओढ कुठे होती ते सांगायला नको.

२०२३ मध्ये लिनक्सच्या ६.४ आवृत्तीतून एसएलओबी काढला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, साध्यालाच का घालवता म्हणून. मग कारण वाचलं. एसएलओबी मेमरी वाचवण्यासाठी ठरावीक मापाच्या कॅशमधल्या, म्हणजे एकाच तऱ्हेच्या वस्तूंच्या साठ्यातल्या, वस्तूंपुढे त्यांचा आकार लिहीत नसे, कारण कॅशला तो माहीत असतो. सुट्या मागणीच्या वस्तूंपुढे मात्र लिहीत असे. त्यामुळे कॅशमधली वस्तू केफ्रीने, म्हणजे कर्नलमधल्या फ्रीने, परत केली तर तो वस्तूच्या आधीचे भलतेच बाइट आकार म्हणून वाचणार. बाकी दोघांना पत्त्यावरून वस्तू कुठली हे शोधता यायचं. या एका काटकसरीसाठी अख्ख्या कर्नलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या, प्रत्येक फाइल सिस्टिमच्या लेखकाने वस्तू कुठून आणली हे परत करेपर्यंत लक्षात ठेवायचं. एसएलओबीच्या आतल्या ओळी कमी होत्या, पण त्याने बाहेरच्या हजारो ठिकाणी एकेक अट पेरली होती. तो गेल्यावर ती अट गेली. पुढे २०२४ मध्ये ६.८ मधून जुना एसएलएबीही गेला आणि एकटा एसएलयूबी राहिला.

छोट्या बोर्डांना वाऱ्यावर सोडलं नाही. ६.२ पासून एसएलयूबीतच टायनी नावाचा पर्याय आहे. त्यात प्रत्येक कोरसाठी ठेवलेले साठे काढून टाकलेले असतात, आणि १६ एमबीहून जास्त रॅम असेल तर हा घेऊ नका असं त्याच्या मदतीच्या मजकुरातच लिहिलं आहे. एसएलओबीपेक्षा थोडी जास्त मेमरी जाते. १६ एमबीच्या बोर्डावर ती जाणवते, आणि ज्यांचं उत्पादन अगदी काठावर आहे त्यांची तक्रार मला समजते. तरी माझ्या हातातल्या बोर्डासाठी मी टायनीच घेईन. सर्व्हरवर कोट्यवधी लोकांच्या वापरातून तपासला गेलेला कोड तोच, फक्त काही भाग बंद केलेला. आणि पुढची सुरक्षा दुरुस्ती आली की ती माझ्या बोर्डालाही लागू पडेल.